वाळवीनं नाव खाल्लेलं जहाज

समुद्र बघायला म्हणून आम्ही गेलोच नव्हतो. कोल्हापूरची माणसं कोकणात जातात ती मासे खायला, नाहीतर पोरांना वाळूत खेळवायला. आमच्या घरात मांसमच्छी चालत नाही, एकुलती एक मुलगी लग्न होऊन धारवाडला गेलेली, आणि मला पाण्याची भीती. तरीही सत्तावन्नाव्या वर्षी मी देवगडच्या बाजूच्या एका खेड्यात गेलो आणि तिथल्या समुद्रात, किनाऱ्यापासून चांगलं दोन किलोमीटर आत, एका खडकावर जाऊन उभा राहिलो. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्या नावाड्यानं आम्हाला नेलं त्याला माणसं न्यायची परवानगी नव्हती, आणि हे लिहायला मी जिवंत परत आलोय ते त्याच्यामुळेच.

कोल्हापुरात माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे. लोकांचे देव आणि लोकांचे आजोबा काचेत बसवणं, पस्तीस वर्षं हाच धंदा. गणपतीनंतर बिद्रीचे एक जुने गिऱ्हाईक, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले पाटीलमामा, लक्ष्मीची एक जुनी फ्रेम घेऊन आले. वाळवी लागली होती. मी मागचे बारीक खिळे काढले, लाकडी पट्ट्या बाजूला केल्या, तर लक्ष्मीच्या पाठीला पुठ्ठ्याऐवजी जाड कागदाचा एक ताव लावलेला, उलटा. तो सुलटा केला आणि हातातलं काम थांबलं.

जहाज होतं. शिडाचं. तीन डोलकाठ्या, त्यातली मधली अर्ध्यावर मोडलेली. जहाज एका कुशीवर इतकं कललेलं की पलीकडची बाजू पाण्यात गेली होती. रेघारेघांनी कोरलेलं छापील चित्र, त्यावर नंतर हातानं रंग भरलेला, आणि कागदाच्या कडेला छापताना पडलेला पत्र्याचा दाब अजून बोटाला लागत होता. असला छाप हल्ली कुणी काढत नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा असणार. खाली बारीक इंग्रजी अक्षरं होती. जहाजाचं नाव वाळवीनं खाल्लेलं, पुढे ‘मलबार किनाऱ्याजवळ’ एवढंच उरलेलं. भिंगातून बघितलं तर दोरखंडांना माणसं लटकलेली दिसली. मुगाच्या दाण्याएवढी. मी मोजली, अकरा होती. एकाचं तोंड उघडं होतं.

पाटीलमामा म्हणाले, “आमाला लक्ष्मी पायजे. ह्ये ठेवा तुमालाच.”

मी ते साफ करून, चांगला माउंट लावून दुकानात गल्ल्यासमोर टांगलं. चूक केली. पुराच्या वर्षी माझ्या दुकानात पाणी शिरलं होतं आणि मला वरच्या खिडकीतून होडीत घेतलं होतं. तेव्हापासून साठलेलं, गढूळ, हलणारं पाणी बघितलं की मी तोंड फिरवतो. गावाकडे विहिरीत पाठीला डबा बांधून सगळी पोरं पोहायला शिकली, मी तेव्हाही काठावर कपडे राखत बसायचो. आता दिवसभर ते जहाज समोर. चार दिवसांनी मी ते उतरवायला लागलो, तर बायको म्हणाली, “असू दे की. किती छान हाय.”

बायकोचं नाव गिरिजा. निपाणीकडची, त्यामुळे घाईत किंवा रागात असली की कन्नड बोलते. तिनं समुद्र कधीच बघितला नव्हता. दुकानात आली की ती त्या चित्रासमोर उभी राहायची आणि जहाजावरच्या माणसांचं पुढं काय झालं असेल ते मला विचारायची. जसं काही मला ठाऊक होतं.

मग दिवाळीनंतर एक मास्तर दुकानात आले. अंबाबाईच्या दर्शनाला आले होते, शाळेच्या निरोप समारंभाचा फोटो फ्रेम करायला टाकला. सत्तरीचे, बारीक, देवगडकडचे. त्यांची नजर चित्रावर गेली आणि फोटोचं विसरले. “आमच्या गावासमोर असंच एक जहाज फुटलंय,” ते म्हणाले. “माझे आजोबा सांगायचे. खडकात त्याचं लोखंड अडकून आहे. रोज दिसत नाही. पौष-माघातल्या अमावास्येला मोठी ओहोटी असते, तेव्हा पाऊण तास खडक उघडा पडतो.”

गिरिजा तिथंच होती. तिनं मास्तरांचा फोन नंबर लिहून घेतला. अमावास्येच्या आठ दिवस आधी तिनं मला नुसतं सांगितलं, “जायाचं हाय.”

बिद्री

पहाटे साडेपाचला दुकानाची व्हॅन काढली. बिद्रीवरून जायचं ठरवलं, पाटीलमामांना सांगून जावं म्हणून. कारखान्याचा हंगाम जोरात. उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, बाहेर आलेल्या उसाची टोकं थेट आपल्या काचेसमोर डोलतायत. मळीचा वास गाडीच्या बंद काचांतून आत येत होता. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो होतो. गिरिजा मांडीवर डबा घेऊन खिडकीतून बघत होती. डब्यात शेंगाची होळगी, म्हणजे कुटाची गोड पोळी, कडक भाकरी आणि दही.

मामांच्या अंगणात चहा झाला. चित्र कुठून आलं ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. “आमच्या वडलांनी बाजारातनं फ्रेम आणलती. मागं काय हाय ते कोण बघतंय?” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमाला पवायला येतंय का?”

“न्हाय.”

“वैनीला?”

“तिलापण न्हाय.”

“मग कशाला जाताय मराय?” मामांनी अगदी शांतपणे विचारलं आणि बशीतला चहा प्यायला.

हे वाक्य पुढचे दहा तास माझ्याबरोबर होतं.

दाजीपूर आणि घाट

राधानगरीच्या पुढे धुकं लागलं. दाजीपूरच्या अलीकडे एका टपरीवर थांबलो, तर टपरीवाला म्हणाला, “पावणं, दिवं लावूनच जावा. हॉर्न मारू नका. काल हितंच गवा हुता, मोटरसायकलवाल्याला आडवा केला त्यानं.”

तीन-चार किलोमीटर गेलो असेन. धुक्यात रस्त्याच्या मधोमध काळी भिंत दिसली. भिंतीला पांढरे मोजे घातल्यासारखे पाय होते. मी ब्रेक दाबला, गाडी बंद पडली. गवा पंधरा फुटांवर. त्यानं मान वळवून आमच्याकडे बघितलं, नाकातून वाफ सोडली, आणि तसाच उभा राहिला. मी किल्लीला हात घातला. गिरिजानं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि आम्ही दोघं श्वास धरून बसून राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग तो उतारावरच्या झाडीत शिरला आणि फांद्या मोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

“झालं की आता,” गिरिजा म्हणाली. “जे काय वंगाळ व्हायचं ते होऊन गेलं.”

फोंडा घाट उतरताना उजवीकडची दरी धुक्यानं भरलेली होती. खाली काय आहे ते दिसत नव्हतं आणि मला तेच बरं वाटत होतं.

मास्तरांचं घर

घाट उतरला की हवा बदलते. अंगाला चिकटते. आमच्याकडे घराला घर लागून, भिंतीला कान लावला तर शेजारचा टीव्ही ऐकू येतो. तिथं एका घरातून दुसरं घर दिसत नाही. मधे आंबे, माड, चिऱ्याच्या बुटक्या भिंतींचे गडगे आणि शांतता. ती शांतता मला सोसेना. तिच्या तळाशी सारखा एक घुमणारा आवाज होता. मी मास्तरांना विचारलं, कुठे गिरणी चालू आहे का? मास्तर हसले. “समुद्र तो.”

त्यांच्या पत्नी, त्यांना सगळं गाव काकी म्हणतं, आमच्या जेवणाच्या काळजीत होत्या. “मासे खायनात म्हणजे तुमी खातास तरी काय?” असं त्यांनी गिरिजाला दोनदा विचारलं आणि मग काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळ्या आणि सोलकढी असं जेवण वाढलं. सांबाऱ्यात खोबरं इतकं मुरलेलं की आमच्या तिखटाच्या जिभेला ते आधी गोड लागलं आणि मग आवडलं. आमच्याकडे पाहुण्याला ‘जेव की’ म्हणून दम देत वाढतात. काकी काही न बोलता ताटात बघत होत्या आणि आंबोळी संपली की दुसरी येत होती. गिरिजानं होळगी काढून दिली. काकींनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि उरलेली फडताळात ठेवून दिली.

जेवता जेवता मास्तर सांगत होते, ओहोटी पाचच्या सुमारास पूर्ण. चारला निघायचं. त्यांचे गुडघे गेलेले, ते येणार नव्हते. त्यांचा एकेकाळचा विद्यार्थी बाबल होडी घेऊन येणार होता.

मी हळूच म्हणालो, “किनाऱ्यावरून दुर्बिणीतून दिसत असेल की.”

गिरिजानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

खडक

बाबल पंचेचाळिशीचा, काळा, आखूड बांध्याचा माणूस. होडी लहान, मागे इंजिन, आत डिझेलचा आणि माशांचा वास. त्यानं आमच्याकडे नीट बघून घेतलं. गिरिजाला पदर आणि निऱ्या घट्ट खोचायला सांगितल्या. मला म्हणाला, “पाणी आज गप आसा. पण खडपार पाऊण तास, तेच्या वर नाय. माझी हाक इली की येवचा.”

लाइफजॅकेट एकच होतं, तेही तुटक्या पट्ट्याचं. ते मी गिरिजाच्या अंगावर घातलं. त्या दिवसात मी केलेलं चांगलं काम हे एवढंच.

बंदरातून बाहेर पडेपर्यंत बरं होतं. बाहेर पडल्यावर होडी वर जाऊ लागली आणि खाली येऊ लागली. खाली आली की किनारा दिसेनासा व्हायचा. मी फळीला दोन्ही हातांनी धरलं होतं आणि होडीच्या आतल्या लाकडाकडे बघत होतो, बाहेर नाही. चित्रातलं पाणी रेघांचं होतं. विंचरल्यासारखं, एकाशेजारी एक. या पाण्याला रेघ नव्हती. ते नुसतं फुगत होतं आणि होडीखालून निघून जात होतं, आणि तळ किती खोल आहे ते बाबलला विचारायची माझी छाती नव्हती. गिरिजा मात्र पुढे टोकाला बसून हसत होती. तिच्या तोंडावर पाणी उडालं, तिनं ओठावरून जीभ फिरवली आणि मागे वळून मला म्हणाली, “खरंच खारट हाय की वो.”

खडक लांबून चटईएवढा दिसला. जवळ गेल्यावर दोन खोल्यांएवढा. काळा, ओला, वर कालवांची धारदार शिंपलं थापलेली. बाबलनं इंजिन बारीक केलं, होडी टेकवली आणि आम्हाला एकेकाला हाताला धरून वर ढकललं. “चपला काढू नको. पाय कापतले.” मग होडी खडकावर आपटू नये म्हणून तो ती मागे घेऊन पंधरा-वीस हातांवर फिरवत राहिला. पायाखाली दगड आणि चारी बाजूंना पाणी. मला वाटलं आता मी खाली बसून रांगणार.

आणि तेवढ्यात ते लोखंड दिसलं.

खडकाच्या फटीत एक मोठी कडी रुतली होती, माझ्या डोक्याएवढी, आणि तिच्यापासून निघालेला एक जाड दांडा तिरपा होऊन पाण्यात गेला होता. गंज इतका चढलेला की लोखंड कुठे संपतं आणि दगड कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. गिरिजा कडीपाशी बसली आणि तिनं हात लावला. “कोणतरी बनवलंय ह्ये,” ती म्हणाली. मी फोनमध्ये चित्राचा फोटो काढून नेला होता. चित्रात जहाजाच्या पुढच्या अंगाला नांगर लटकलेला आहे, त्याच्या टोकाला अशीच कडी. मीही खाली बसलो. माझ्या खिशात दुकानातला कटर असतो नेहमी, त्यानं मी गंजाचा पापुद्रा खरवडायला लागलो. खाली अक्षर असेल, एखादा छाप असेल, नाव असेल. वाळवीनं खाल्लेलं ते नाव मला तिथं मिळेल असं का वाटलं, सांगता येत नाही. पण त्या वेळी भीती गेली होती. सकाळपासून पहिल्यांदाच.

बाबलनं हाक मारली. मी म्हणालो, “एक मिनिट.”

त्यानं दुसरी हाक मारली. गिरिजा उठली. मी म्हणालो, “आलो, आलो.”

मग माझ्या चपलेत पाणी आलं. वर बघितलं तर उन्हाचा रंग बदलला होता, वारा उलट बाजूनं येत होता आणि होडी मघाच्या जागेवर नव्हती. खडकही मघाएवढा नव्हता. ज्या कडेवरून आम्ही चढलो ती कड पाण्याखाली गेली होती आणि तिथून लाट वर येऊन मागे जाताना शिंपलांतून सळसळत होती.

बाबल ओरडत होता. “वारो फिरलो. आता होडी टेकाक देवची नाय. मी नाक आणतंय, तुमी उडी मारा. लाट जावंदे, मगे. आधी बायेक सोडा.”

पुढचं जसं झालं तसं लिहितो.

होडीचं नाक समोर आलं. लाट होडीखालून गेली, होडी खाली बसली, मग वर आली, खडकाच्या बरोबरीला. बाबल परत म्हणाला, “आधी बाय.” मी ते ऐकलं. गिरिजा माझ्या डावीकडे होती, माझा दंड धरून. तिला चपलेनं तोल सांभाळता येत नव्हता. ती म्हणाली, “तडीरी.” म्हणजे थांबा. हा शब्द मी तीस वर्षं ऐकतोय, मला तो समजला नाही असं मी म्हणू शकत नाही. मी दंड सोडवून घेतला आणि उडी मारली.

मी होडीत जाळ्यावर पडलो. माझ्या उडीनं होडी मागे ढकलली गेली, वरून लाट आली, आणि मी मान वर केली तेव्हा खडक आणि होडी यांच्यामधे घराएवढं अंतर होतं. गिरिजा खडकावर एकटी उभी होती.

बाबलनं माझ्याकडे एकदा बघितलं.  त्यानं इंजिन वाढवलं आणि होडी वळवायला घेतली. वारा होडीला बाजूला रेटत होता. मला वाटलं पाच-सात मिनिटं गेली. बाबल नंतर म्हणाला, दोन. त्या वेळात एक लाट खडकाच्या वरून गेली आणि गिरिजा दिसेनाशी झाली. मी तिचं नाव घेऊन ओरडलो की नाही ते मला आठवत नाही. पाणी उतरलं तेव्हा ती बसलेली होती. दोन्ही हातांनी ती लोखंडाची कडी धरून, मान खाली घालून. तिचा एक पाय लाल झाला होता.

“पोटार पडा,” बाबल मला म्हणाला. “हात भायर. पाण्याक बगू नको, तिका बग.”

मी होडीच्या नाकावर पालथा पडलो. बाबलनं माझ्या कमरेला दोर बांधला होता, कधी बांधला कळलं नाही. होडी जवळ आली. गिरिजा उभी राहिली. बाबलनं लाट जाऊ दिली, आणखी एक जाऊ दिली, आणि मग फक्त “आता” म्हणाला. तिनं उडी मारली नाही, ती माझ्या अंगावर पडली असंच म्हणायला हवं. अर्धी आत, अर्धी पाण्यात. एका हातात तिचं मनगट, दुसऱ्या हातात लाइफजॅकेटचा तुटका पट्टा. पट्टा निसटला. मी तिची वेणी धरली. होडी खडकावर घासली, लाकूड करकरलं, माझ्या छातीखाली काहीतरी फुटलं. मी ओढत राहिलो. दोर माझ्या कमरेत रुतत होता आणि मी ओढत राहिलो. मग ती आत आली, माझ्या तोंडावर, खारट पाण्याची उलटी करत.

पुढची फळी फुटली होती. पाणी आत येत होतं. बाबलनं माझ्याकडे डबा टाकला. “उपस.” किनारा येईपर्यंत मी पाणी उपसत होतो. मान वर केली नाही. पाण्याला भिऊन नव्हे. समोर गिरिजा बसली होती म्हणून.

किनारा

मास्तर वाळूत उभे होते, काठी टेकून, पाण्यात घोट्यापर्यंत. त्यांना लांबून सगळं दिसलं होतं की नाही, मी विचारलं नाही. ते एवढंच म्हणाले, “माझी चूक. मी सांगायलाच नको होतं.”

गावच्या दवाखान्यात गिरिजाच्या पोटरीला नऊ टाके पडले, तळहातावर तीन. टाके घालताना ती डॉक्टरीणबाईंना विचारत होती की ते लोखंड कशाचं असेल. डॉक्टरीणबाई सांगलीच्या होत्या, त्यांनाही ठाऊक नव्हतं. मास्तर मग खरं काय ते बोलले. आजोबा कधी म्हणायचे गोऱ्यांचं जहाज, कधी म्हणायचे कौलं घेऊन जाणारं गलबत. माझ्या चित्रातलं जहाज ते नसणारच, मलबार कितीतरी खाली राहिला. “पण चित्र बघितलं आणि मला बोलावंसं वाटलं,” मास्तर म्हणाले.

घरी काकींनी पेज केली. मऊ तांदळाची, वर मीठ आणि चमचाभर तूप. गिरिजा ती दोन्ही हातांनी वाटी धरून प्यायली आणि काकींना हकिगत सांगायला लागली. मी दारात बसून ऐकत होतो. गवा सांगितला, कडी सांगितली, लाट सांगितली. मग म्हणाली, “ह्यांनी आधी उडी मारली. होडीत कुणीतरी धरायला पायजे न्हवं मला. बाबलभाऊ इंजिन सोडून कसं येणार?”

काकी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बरा सुचला तुमका.”

बाबल ओट्यावर बिडी ओढत होता. त्यानं धूर सोडला आणि अंगणाकडे बघत राहिला.

 दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना बाबलच्या फुटलेल्या फळीबद्दल बोलायला गेलो, तर तो म्हणाला, “फळी गावता. तुमी परत समुद्रार येव नको.” रागानं म्हणाला नाही. नारळ दिले दोन.

परत

घाट चढताना धुकं नव्हतं. दरी लख्ख दिसत होती आणि मी तिच्याकडे बघून गाडी चालवत होतो, जशी काही मला ती शिक्षाच होती. गिरिजा पाय लांब करून मागच्या सीटवर बसली होती. मधे तिच्या बहिणीचा फोन आला, तिला तिनं सगळं सांगितलं. परत तेच. ह्यांनी आधी उडी मारली, मला धरायला. मग मुलीचा फोन आला. मुलगी म्हणाली, बाबांना दे. मी फोन कानाला लावला. ती रडत होती, “बाबा, तुम्ही होता म्हणून.” मी म्हणालो, गाडी चालवतोय, नंतर बोलतो.

राधानगरीत चहाला थांबलो. तिला उतरता येत नव्हतं, मी पेला गाडीत नेऊन दिला आणि सरकत्या दारात उभा राहिलो. शेजारी एसटी थांबली होती, तिची माणसं भजी खात होती. मला हे तिथं बोलायचं नव्हतं, पण घरी गेल्यावर बोलता आलं नसतं.

“गिरिजा, मी तुला धरायला म्हणून उडी मारली न्हवती.”

तिनं फुंकर मारून चहाचा घोट घेतला. “ठाऊक हाय मला. मी तितंच हुते की.”

“मग सगळ्यांना तसं का सांगालीस?”

“मग काय सांगू? अक्काला काय सांगू, पोरीला काय सांगू?”  पेला पट्टी बांधलेल्या हातात नीट धरता येत नव्हता, तिनं तो दुसऱ्या हातात घेतला. “कडी धरून बसल्ते तवा मला वाटलं, ह्यो माणूस आता परत यायचा न्हाय. तुमच्याबद्दल असं मला तीस वर्षात कवा वाटलं न्हवतं. पाण्यापेक्षा त्याचंच भ्या वाटलं.”

मी दाराची कड धरली.

“मग आलासा,” ती म्हणाली. “वेणी ओढलासा, ती अजून दुखती. आता ऐका. हितनं पुढं कुठंबी जायाचं झालं की मी आधी. एसटी असू दे, लिफ्ट असू दे, काय बी असू दे. मी आधी चढणार, तुमी मागनं.”

मी व्हय म्हणालो. रिकामा पेला टपरीवर देऊन आलो आणि गाडी सुरू केली.

चार महिने झाले त्याला. पोटरीवरचा व्रण आता पांढरा पडलाय. आम्ही निपाणीला जातो, धारवाडला जातो. एसटी फलाटाला लागली की लोक दाराशी रेटारेटी करतात, मी बाजूला उभा राहतो. गिरिजा पायरीवर पाय ठेवते, दांडा धरते, वर जाते, जागा बघून बसते. मग खिडकीतून मान बाहेर काढून मी खाली आहे ना ते बघते. तिनं बघेपर्यंत मी हलत नाही. एवढ्या वेळात, भर स्टँडवर, कंडक्टर घंटी मारत असताना, माझ्या कानात ते शिंपलांतून सळसळत मागे जाणारं पाणी वाजत असतं.